रस्त्यावरची फांदी

गेल्या खंडेनवमीला आमच्या नव्या गाडीची पहिली पूजा झाली. आप्पा त्यासाठी निपाणीहून सकाळच्या पहिल्या बसनं आले, कारण गाडीची पूजा ही लेकी-जावयाच्या भरवशावर सोडायची गोष्टच नव्हे त्यांच्या मते, तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. झेंडूचा मनगटाएवढा जाड हार, बंपरला दोन्ही बाजूंनी केळीचे खुंट, काचेवर गंधाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं, कुंकू भरलेला कोहळा, सगळं साग्रसंगीत झालं. मग कपिलेश्वरला जाऊन येऊ म्हणून निघालो तर गल्लीच्या तोंडाशीच स्क्रीनवर पिवळ्या अक्षरात मेसेज आला, इंग्रजीत, की पुढचं रडार झाकलं गेलंय, सिस्टिम बंद केलीय.

उतरून बघितलं तर हार बरोबर लोगोवर आला होता. आमच्या गाडीत समोरचं वाहन हेरणारं रडार त्या लोगोच्या मागंच बसवलंय. आणि स्वस्तिक आलं होतं आरशाच्या वर, जिथून कॅमेरा बाहेर बघतो तिथं. हार बाजूला सरकवला, गंध ओल्या फडक्यानं पुसून खालच्या कोपऱ्यात परत काढलं, आणि थोडं अंतर गेल्यावर मेसेज गेला.

आप्पा म्हणाले, "डोळ्यावर हार पडला तर सांगतं की हे. शहाणं आहे."

मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. ते अर्धंच खरं होतं हे कळायला डिसेंबर उजाडावा लागला.

मी पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवते, बेळगावात. त्यामुळं गाडी घेताना या एडासबद्दल, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या सगळ्या सिस्टिमबद्दल, मी बरंच वाचलं होतं. शोरूममधला पोरगा म्हणाला, मॅडम पाय काढून बघा, गाडी स्वतः थांबते, आणि खरंच थांबली, पुढच्या गाडीच्या मागं, अगदी मऊ. लेव्हल टू आहे असंही त्यानं दोन-तीनदा सांगितलं, पण लेव्हल टू म्हणजे काय ते नाही सांगितलं. एसएई नावाच्या इंजिनियर लोकांच्या संस्थेनं 2014 मध्ये गाडी किती काम स्वतः करते याच्या पायऱ्या ठरवल्या, शून्य ते पाच. त्यातल्या दोन नंबरच्या पायरीवर गाडी स्टिअरिंग पण थोडं सांभाळते आणि वेग पण सांभाळते, मात्र रस्त्यावर नजर ठेवायचं काम पूर्णपणे माणसाचं. पूर्णपणे, सगळा वेळ. म्हणजे हात-पाय मशीनचे आणि डोळे-डोकं आपलं अशी ही वाटणी आहे, आणि ही वाटणी माणसाला किती अवघड जाते ते मी स्वतःवर बघितलंय.

आधी चांगलं सांगते, कारण ते पण खरं आहे. ऑगस्टमध्ये, गाडी घेऊन आठवडा झाला असेल, आरपीडी कॉर्नरला एक स्कूटर रिक्षाच्या आडून अचानक समोर आली. मी ब्रेकवर पाय नेला तोवर गाडीनं बीप करून ब्रेक धरायला सुरुवात केली होती. हळू वेग, उजेड, स्वच्छ काच, समोर पूर्ण दिसणारी स्कूटर. अशा ठिकाणी ही सिस्टिम माझ्यापेक्षा जलद आहे, मी मान्य करते. अमेरिकेत इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी म्हणून संस्था आहे, त्यांच्या 2022 च्या अभ्यासात पादचारी ओळखून आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांचे पादचाऱ्यांना धडकायचे अपघात 27 टक्क्यांनी कमी दिसले. हा आकडा लहान नाही, त्यात कुणाची तरी आई आहे, कुणाचं तरी पोर आहे. पण त्याच अभ्यासात पुढं हे पण आहे की रात्री, दिवे नसलेल्या रस्त्यावर, काहीच फरक दिसला नाही. आता दिवे नसलेला रस्ता म्हटल्यावर आपल्याकडचे किती रस्ते डोळ्यासमोर येतात, मला तर खानापूर, चंदगड, चिक्कोडी, सगळीकडचे येतात.

तर डिसेंबर. घरात एक साखरपुडा होता म्हणून आप्पांना आणायला मी निपाणीला गेले होते. परत निघायला संध्याकाळ झाली, तवंदी घाट ओलांडला तोवर पूर्ण अंधार. उसाचा सीझन ऐन भरात. त्या दिवसांत आमच्या हायवेवर काय चालतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना हातभर बाहेर आलेला ऊस, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाल्यात झाकलेला. मी क्रूझ, म्हणजे ठरवून दिलेला वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप राखणारी सोय, 80 वर लावला होता. पुढं एक कंटेनर पंचावन्न-साठनं चालला होता, त्यामुळं आमची गाडी पण आपोआप त्याच वेगानं त्याच्या मागं, अंतर राखून. आप्पा गप्प बसले होते. मी त्यांना साखरपुड्याला कोण कोण येणार ते सांगत होते, माझा पाय खाली मॅटवर सपाट, पेडलपासून लांब.

कणगला मागं पडून जरा वेळ झाला असेल. पुढचा कंटेनर एकाएकी उजव्या लेनमध्ये गेला. लेन मोकळी झाली असं गाडीला वाटलं, आणि तिनं वेग वाढवायला घेतला, 80 वर जायचं होतं ना तिला. साठ, पासष्ट. सीटला पाठ किंचित दाबली गेली ते मला अजून आठवतंय, आणि त्या क्षणी मला बरंच वाटलं होतं, चला रस्ता मोकळा झाला.

आप्पांनी डॅशबोर्डवर हात मारला. एकच थाप, एवढी जोरात की वरची गणपतीची मूर्ती पडली.

"फांदी!"

मला ट्रॅक्टर दिसला नव्हता. फांदी पण नव्हती दिसली. मी ब्रेक मारला तो त्या थापेला, लहानपणापासून ती थाप मला माहिती आहे म्हणून. पेडल पायाखाली थरथरलं, मग बीप आला, म्हणजे माझा पाय पडल्यानंतर, आणि मग हेडलाईटमध्ये आधी बाभळीची फांदी आली, मग तीन दगड, आणि त्यामागं उसाची काळी भिंत. आम्ही थांबलो तेव्हा मधे पंधरा-एक पावलं होती. पासष्टच्या वेगाला गाडी सेकंदाला 18 मीटर जाते. आप्पा अजून एक सेकंद थांबले असते तर काय, हे गणित मी वर्गात कधी घातलेलं नाही.

मागच्या ट्रॉलीचं चाक पंक्चर होतं, दोन पोरं मोबाईलच्या उजेडात जॅक लावत होती. मी गाडी कशीबशी कडेला घेतली, ब्लिंकर लावले, माझे हात कापत होते. आप्पा उतरले आणि त्या पोरांना रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "अरे, फांदी दहा पावलांवर ठेवून काय उपयोग? लांब ठेव की, शंभर पावलांवर," आणि स्वतःच ती फांदी ओढत अंधारात मागं चालत गेले, मी ओरडत होते आप्पा गाड्या येतायत म्हणून.

आता ही फांदी. बाहेरच्या वाचकाला सांगायला पाहिजे कदाचित, आपल्याकडं रस्त्यात मोडलेल्या झाडाची हिरवी फांदी आणि दगड ठेवलेले दिसले की पुढं गाडी बंद पडलीय हे सगळ्यांना कळतं. हे कुठल्या लायसन्सच्या परीक्षेत नाही. तसंच ट्रकवाल्यानं उजवा इंडिकेटर दिला तर तो वळणार असतो किंवा तुम्हाला ओव्हरटेक करा म्हणत असतो, दोन्हीपैकी काय ते त्याच्या वेगावरून आणि रस्त्याच्या कडेवरून ओळखायचं. समोरच्यानं डिपर मारला की मी येतोय, थांब. खिडकीतून बाहेर आलेला क्लीनरचा हात वरखाली हलला की हळू. धूळ उडताना दिसली की पुढं कुणीतरी कच्च्यावर उतरलाय. कंटेनर लेन बदलताना त्याच्या ड्रायव्हरनं फांदी वाचली होती, आप्पांनी कंटेनरला वाचलं आणि मग फांदीला. आमच्या गाडीनं एवढंच बघितलं की पुढची गाडी गेली. ही भाषा तिला कुणी शिकवलेलीच नाही.

संकेश्वरला चहाला थांबलो. माझ्या घशाखाली चहा उतरत नव्हता. मी म्हटलं, "आप्पा, सकाळपासून चांगली चालली होती हो ही."

"तिनं काय सांगितलं का तुला, मला दिसंना झालंय म्हणून?"

"नाही."

"मग तो क्लीनर कामाचा नव्हं."

आणि त्यांनी मला एका पोराची गोष्ट सांगितली, जी मी आधी ऐकली नव्हती. बेळगावहून गोव्याला भाजी न्यायचे ते तेव्हा. ट्रकचा क्लीनर म्हणजे नुसती गाडी धुणारा नव्हे, डावी बाजू सगळी त्याची. डावा आरसा, घाटात कड, रिव्हर्स घेताना मागं उभं राहून आवाज देणं, चढाला चाकाखाली दगड लावणं. बॉडीवर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आप्पांकडं एक नवीन पोरगा आला होता, खानापूरकडचा, मेहनती, झोपायचा नाही, पण आप्पांना फार घाबरायचा. अनमोडच्या घाटात पावसात समोरून ट्रक आला म्हणून आप्पांना मागं घ्यावं लागलं, पोरगा मागं उभा राहून थापा मारायला लागला, दोन-दोन, चल चल. त्याला पावसात काहीच दिसत नव्हतं. दिसत नाही असं म्हटलं तर मालक शिव्या घालतील म्हणून तो चल म्हणत होता. मागचं चाक कठड्याच्या दगडाला लागलं म्हणून थांबलं, दगड नसता तर खाली दरी.

"मी त्याला मारलं नाही," आप्पा म्हणाले. "त्याला म्हटलं, येड्या, तुला दिसतंय तेव्हा चल म्हणायला कोण बी येतंय. दिसत नाही तेव्हा दिसत नाही म्हणायचा पगार आहे तुझा."

रात्री घरी येऊन मी ओनर्स मॅन्युअल काढलं. आणि मला वाईट वाटलं ते यासाठी की सगळं त्यात लिहिलेलं होतं, पानंच्या पानं, बारीक अक्षरात. थांबलेलं वाहन ओळखलं जाईलच असं नाही. मागचा दिवा बंद असलेलं वाहन. ट्रॅक्टर, ट्रेलर. बाहेर आलेला माल. प्राणी. पुढची गाडी अचानक लेनमधून बाजूला झाली तर. कमी उजेड, पाऊस, धुकं, समोरून येणारा सूर्य. आमची ती संध्याकाळ जवळजवळ ओळीनं छापलेली होती. शोरूममध्ये अर्ध्या तासाचा डेमो झाला, त्यात या पानांना दोन मिनिटं मिळाली असती तर काय बिघडलं असतं असं मला अजून वाटतं, आणि हे मी रागानं नाही, कळकळीनं सांगतेय, कारण त्या पोरालाही ते कुणी सांगितलेलं नसणार.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात डॉप्लर, म्हणजे हलत्या वस्तूमुळं लहरीत होणारा बदल, शिकवताना हे घेतलं. गाडीतलं रडार बहुतेक 77 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, लहर जेमतेम 4 मिलिमीटरची. समोरच्या वस्तूवरून परत आलेल्या लहरीवरून ते अंतर आणि वेग दोन्ही काढतं, आणि वेग काढण्यात ते फार हुशार आहे. पण गाडी 80 नं चाललीय म्हटल्यावर रस्त्यावरची प्रत्येक स्थिर गोष्ट 80 नं तिच्याकडं येत असते. कठडा, खांब, वरची मोठी पाटी, पुलाचा गर्डर, मॅनहोलचं झाकण. जुन्या धाटणीच्या रडारला उंची नीट कळत नाही, म्हणजे वरची पाटी आणि समोर उभा ट्रक यातला फरक त्याला अवघड जातो. प्रत्येक पाटीला ब्रेक मारला तर मागचा ट्रक आपल्यात घुसेल. म्हणून इंजिनियर लोकांनी असं ठरवलं की वेगात असताना, आधी हलताना न दिसलेल्या स्थिर वस्तूंकडं बरंचसं दुर्लक्ष करायचं, आणि कॅमेऱ्यानं दुजोरा दिला तरच मानायचं. कॅमेरा लाखो फोटोंवरून शिकलेला असतो की गाडीची मागची बाजू कशी दिसते, दोन लाल दिवे, मधे नंबरप्लेट, खाली चाकं. अंधारात उसाच्या ट्रॉलीला यातलं काहीच नसतं.

एका पोरीनं विचारलं, "मॅडम, म्हणजे उभी गाडी त्याला दिसतच नाही काय?"

मी म्हटलं, दिसते, पण मोजत नाही. हे उत्तर तोंडातून आपोआप आलं आणि मलाच ते बराच वेळ पुरलं.

म्हणजे हार पडला तर ते सांगतं, कारण डोळा झाकलाय हे त्याला कळतं. पण डोळा उघडा आहे, समोर काहीतरी आहे, आणि ते काय आहे हे कळलेलं नाही, हे मात्र त्याला स्वतःलाच माहिती नसतं, त्यामुळं ते सांगणार तरी कसं. स्क्रीनवर त्या रात्री शेवटपर्यंत सगळं हिरवं होतं. आप्पांचा तो पोरगा निदान घाबरून खोटं बोलत होता, यात तर खोटं पण नाही, नुसती रिकामी लेन आहे. 2016 च्या मे महिन्यात फ्लोरिडात टेस्लाची गाडी ऑटोपायलटवर असताना आडव्या जाणाऱ्या ट्रेलरला धडकली आणि आतला माणूस गेला, तेव्हा कंपनीनं सांगितलं होतं की उजळ आकाशापुढं ट्रेलरची पांढरी बाजू ना ऑटोपायलटला दिसली ना ड्रायव्हरला. तपास करणाऱ्या सरकारी संस्थेनं कारणांमध्ये ट्रकवाल्यानं वाट दिली नाही हे तर लिहिलंच, पण हे पण लिहिलं की कारचा ड्रायव्हर सिस्टिमवर गरजेपेक्षा जास्त विसंबला होता आणि सिस्टिमनं त्याला तसं विसंबू दिलं.

विसंबू दिलं, हे शब्द वाचून मी थांबले, कारण मॅटवर सपाट ठेवलेला माझा पाय मला आठवला. तो पाय पहिल्या दिवशी तिथं नव्हता. ऑगस्टमध्ये क्रूझ लावला तरी पाय ब्रेकवर तरंगत असायचा, ऑक्टोबरमध्ये तो जरा मागं आला, डिसेंबरपर्यंत खाली. कुणी सांगितलं नाही, मी ठरवलं नाही. दोनशे वेळा गाडी बरोबर थांबली आणि दरवेळी पाय एक दोरा मागं गेला. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या संशोधकानं 1948 मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवाल्यांवरचं काम छापलंय. महायुद्धात स्क्रीनकडं तासन्‌तास बघत बसणारी ही तरुण माणसं खुणा चुकवतात का, हा प्रश्न होता. त्यानं एक घड्याळ केलं, काटा एकेक टप्पा सरकायचा आणि क्वचित कधीतरी एकदम दोन टप्पे, ते दिसलं की बटण दाबायचं, एवढंच काम. अर्ध्या तासातच लोक चुकवायला लागले. आळशी म्हणून नव्हे, माणसाचं लक्ष असंच बनलंय, काही करायला नसलं की ते विझत जातं. आणि आपण एका माणसाला सांगतोय की गाडी सगळं करेल, तू नुसतं बघत बस, कधीतरी लागलं तर अर्ध्या सेकंदात धाव. माझ्या मते हे मागणं मशीनच्या मर्यादेपेक्षा जास्त अवघड आहे. इन्स्टाग्रामवर क्रूझ लावून मागच्या सीटवर जाऊन बसणाऱ्यांचे रील येतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो, त्यांना आठशे लाईक असतात.

मी सिस्टिम काढून टाकलेली नाही. ब्रेकची मदत कायम चालू ठेवते, ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या गाडीची खूण करणारा, दिवा मला आवडतो. क्रूझ आता उजेडात आणि मोकळ्या हायवेवरच, उसाच्या सीझनमध्ये रात्री अजिबात नाही. लेन सांभाळणारं स्टिअरिंग मात्र बंदच असतं, रस्त्याचं काम चालू असतं तिथं जुना पांढरा पट्टा पुसलेला नसतो आणि गाडी डायव्हर्शन सोडून जुन्या पट्ट्याकडं ओढायला लागते, आणि गावातल्या रस्त्यावर तर पट्टाच नाही. रंग न मारलेले हम्प्स तिला दिसत नाहीत, रात्री कडेनं चालणारी म्हैस तिच्या हिशोबात असेल-नसेल. पुढची गाडी लेनमधून बाजूला झाली की मी आधी ब्रेकवर पाय ठेवते, मग विचार करते का गेली असेल.

जुलैमध्ये गोव्यात साखळीला बहिणीकडं जायचं होतं, चोर्ला घाटातून. जांबोटी सोडल्यावर पावसाला सुरुवात झाली आणि कणकुंबीच्या पुढं धुकं असं उतरलं की बॉनेटच्या पुढं दहा फूट पण दिसेना. मी वीसनं चालले होते. मधेच स्क्रीनवर तोच पिवळा मेसेज आला, या वेळी कॅमेऱ्याचा.

"काय म्हणायलंय ते?" आप्पांनी विचारलं.

"म्हणतंय, मला दिसंना झालंय."

"बरं झालं सांगितलं ते." त्यांनी त्यांच्या बाजूची काच खाली केली, पाऊस सरळ आत आला, सीट भिजली, आणि मफलर कानाला बांधून त्यांनी डोकं बाहेर काढलं. हात दाराच्या पत्र्यावर ठेवला.

दोन थापा.